सभागृहातील हवेबाबत अध्यक्षांना पत्र

प्रति,
मा. अध्यक्ष व कार्यकारिणी सदस्य,
सहकारी गृहनिर्माण संस्था

विषय : सभागृहात हवा खेळती ठेवण्याची व्यवस्था करण्याबाबत

महोदय,

स. न. वि. वि. पावसाळा सुरू झाल्यापासून आपल्या इमारतीत घरोघरी सर्दी, खोकला आणि ताप आहे. त्यावर उपाय म्हणून समितीने लिफ्टची बटणे व जिन्याचे कठडे रोज जंतुनाशकाने पुसून घेण्याचा आणि सभागृहात फवारणी करण्याचा निर्णय घेतला. त्यामागची कळकळ मी जाणतो. परंतु फ्लू किंवा कोविडसारखे आजार मुख्यतः बटणांवरून नव्हे, तर हवेतून पसरतात, म्हणून हे पत्र लिहीत आहे.

हे विषाणू श्वसनमार्गाच्या अस्तरातील पेशींत शिरून तेथे स्वतःच्या असंख्य प्रती तयार करतात आणि माणूस खोकतो, बोलतो, गातो किंवा नुसता श्वास सोडतो तेव्हा तुषारांबरोबर बाहेर पडतात. मोठे थेंब लवकर खाली बसतात, पण अतिसूक्ष्म तुषार बंद खोलीत बराच वेळ तरंगत राहतात. शिवाय फ्लूचा रुग्ण लक्षणे दिसण्याच्या साधारण एक दिवस आधीपासून संसर्ग पसरवू शकतो. त्यामुळे ‘आजारी व्यक्तींनी येऊ नये’ ही फलकावरील सूचना योग्य असली तरी पुरेशी नाही.

गाण्याचा उल्लेख मी मुद्दाम केला. १० मार्च २०२० रोजी अमेरिकेतील वॉशिंग्टन राज्यात, स्कॅजिट परगण्यात, एका गायकवृंदाचा अडीच तासांचा सराव झाला. हजर असलेल्या ६१ जणांपैकी एकालाच सर्दीसारखी लक्षणे होती. पुढे त्याच्यासह ५३ जणांना कोविड झाल्याचे निश्चित झाले किंवा तशी दाट शक्यता आढळली आणि दोघे दगावले. आपल्या भजनी मंडळाचा गणेशोत्सवाचा सराव सभागृहातच चालतो आणि त्यात बहुतेक सभासद ज्येष्ठ आहेत, ही माझी खरी काळजी आहे. पावसाची झड येते म्हणून खिडक्या बंद, डास येतात म्हणून मागचे दार बंद, आणि भरीला स्प्लिट एसी, जो बाहेरची हवा आत न घेता आतलीच हवा थंड करून फिरवत राहतो. एक्झॉस्ट पंख्याच्या झरोक्यावर कबुतरांसाठी ठोकलेला प्लायवूड अजून तसाच आहे आणि पंख्याची वायर खिळ्याला गुंडाळून ठेवलेली आहे.

तरी तो प्लायवूड काढून तेथे जाळी बसवावी, पंखा दुरुस्त करून कार्यक्रमाच्या वेळी तो चालू ठेवावा, आणि खिडक्यांवर पत्र्याची छपरी व डासांची जाळी लावून त्या पावसातही उघड्या ठेवता येतील अशी सोय करावी. फवारणीसाठी ठेवलेली रक्कम या कामाकडे वळवता येईल. हात धुण्याची सवय अर्थातच सर्वांनी ठेवावी, तिला माझा विरोध नाही. काम पूर्ण होईपर्यंत भजनाचा सराव चारही बाजूंनी मोकळ्या असलेल्या स्टिल्ट पार्किंगमध्ये घ्यावा. त्यासाठी माझी गाडी त्या वेळेपुरती बाहेर लावण्यास मी तयार आहे.

हा विषय येत्या मासिक सभेच्या विषयपत्रिकेत घ्यावा, ही विनंती. दोन इलेक्ट्रिशियनकडून दरपत्रके घेऊन मी सभेपूर्वी कार्यालयात देईन.

आपला विश्वासू,
एक सभासद, बी विंग