तंबोऱ्यावर हात ठेवणाऱ्या मास्तरांना

मास्तर,

साष्टांग नमस्कार.

समोर बसून आभार मानायला गेलो असतो तर तुम्ही "पुरे रे, चहा घे" म्हणून विषय मोडला असता, म्हणून लिहितो आहे. आणि सगळ्यांसमोर लिहितो आहे, कारण ज्यांनी आम्हाला दारातूनच परतवलं त्यांच्याही नजरेला हे पडलं तर बरंच. तुम्ही मोबाईलवर काही वाचत नाही हे ठाऊक आहे. ताई वाचून दाखवतील. मधली काही नावं त्यांना अडतील, तिथे माझ्या भाच्याला हाक मारा. त्याला ती नावं पाढ्यांपेक्षा चांगली पाठ आहेत.

आमचं मागणं तरी काय होतं? स्पीकर लावायला जागा आणि एक संध्याकाळ. ककॉफनी नावाच्या एका अमेरिकन मेटल बँडच्या रेकॉर्ड पहिल्यापासून शेवटपर्यंत, मोठ्या आवाजात, सगळ्यांनी मिळून ऐकायच्या होत्या. नाच नाही, दारू नाही, तिकीट नाही. माणसं एका टेम्पोत मावतील इतकी. त्यातली निम्मी माझ्या वयाची, उठताना गुडघ्यावर हात ठेवणारी, आणि निम्मी भाच्याच्या वयाची.

आम्ही जुन्यांनी हा बँड कॅसेटवर ऐकला होता. वाड्यावरचा एकजण बोटीवर होता, त्याने बाहेरून आणलेली कॅसेट, तिची कॉपी, मग त्या कॉपीची कॉपी. आपल्याकडच्या पावसाने त्या टेपवर पांढरी बुरशी चढली आणि विषय मिटला. मग वेर्ण्याची फॅक्टरी, शिफ्टा, लग्न, पोरंबाळं. मागच्या वर्षी भाच्याने जेवताना फोन माझ्यापुढे धरला. "मामा, हे ऐक. हे कोणालाच माहीत नाही." मी चार सूर ऐकले आणि पुढचे तोंडाने वाजवून दाखवले. त्याचा घास हातातच राहिला! तो मेगाडेथ हा मेटल बँड ऐकता ऐकता त्यांच्या जुन्या गिटारवाल्यापाशी, मार्टी फ्रीडमनपाशी पोचला होता, आणि फ्रीडमन आधी काय करत होता ते शोधताना ककॉफनीपाशी. त्याच वाटेने आलेली पोरं मग आणखीही निघाली, फोंड्यात, म्हापशात. मडगावची एक मुलगी निघाली, ती आम्हा सगळ्यांपेक्षा बरी गिटार वाजवते.

जागा मात्र मिळेना. एका सभागृहाच्या साहेबांनी अर्ज घेतला, त्यात "मेटल" वाचलं आणि दोन बोटांनी तो परत सरकवला. आमच्याकडे सैतानाबितानाचं चालत नाही, म्हणाले. मी म्हटलं, साहेब, ही माणसं बाख आणि पागानिनी या युरोपातल्या जुन्या संगीतकारांच्या वळणाने वाजवतात. तर म्हणे, मग सरळ व्हायोलिनच का वाजवत नाहीत? किनाऱ्यावरच्या एका शॅकवाल्याने ट्रान्स असेल तर बोला म्हणून सांगितलं आणि माणशी बिल किती होईल तेही विचारून घेतलं. त्याचं काही वाटलं नाही, धंदा आहे त्याचा. जिव्हारी लागलं ते एका संगीत क्लासच्या सरांचं. स्वतः गिटार शिकवतात. पोरांच्या देखत म्हणाले, "ही बोटांची कसरत आहे, यात संगीत कुठे आलं?" ऐकून म्हणाले असते तर मान खाली घालून ऐकलं असतं. एक सूर न ऐकता म्हणाले. भाचा घरी येईपर्यंत बोलला नाही.

तुमचं नाव माझ्या बहिणीने सुचवलं. ती लहानपणी तुमच्याकडे गायला यायची. मी तुमच्या सोप्यावर बसून वाक्यं जुळवत होतो, "पाश्चात्त्य वाद्यसंगीताचा एक अभ्यासपूर्ण श्रवण कार्यक्रम" वगैरे. तुम्ही मधेच तोडलंत. "पोरं जेवून येणार की इथे जेवणार?" झाली परवानगी! त्यावर मी काय बोललो मला आठवत नाही, बहुतेक काहीच नाही.

त्या संध्याकाळी राजांगणात पाऊस कोसळत होता आणि आम्ही चारी बाजूंच्या पडवीत भिंतीला टेकून बसलो होतो. काकूंनी पातोळ्या केल्या होत्या. हळदीच्या पानांचा वास आणि डिस्टॉर्शन लावलेली गिटार, हे दोन्ही एकत्र याआधी कोणी अनुभवलं असेल असं वाटत नाही. तुमचे तंबोरे कोपऱ्यात उभे होते. एकावर गवसणी होती, दुसरा सकाळच्या रियाजानंतर तसाच उघडा.

ताईंसाठी थोडं सांगतो. इंग्वे माल्मस्टीन नावाच्या स्वीडिश वादकाने 1984 साली "रायजिंग फोर्स" ही रेकॉर्ड काढली, तेव्हापासून हा प्रकार फोफावला. मेटलचा जोर, आणि बोटं मात्र दोन-तीनशे वर्षांपूर्वीच्या युरोपातल्या व्हायोलिनच्या वाटेने जाणारी. कॅलिफोर्नियात माईक वार्नी या गृहस्थांच्या श्रॅपनल रेकॉर्ड्सने मग असे वादक शोधून शोधून पुढे आणले. त्यातलेच ककॉफनीचे हे दोघे गिटारवाले, मार्टी फ्रीडमन आणि जेसन बेकर. दोघांची पहिली रेकॉर्ड "स्पीड मेटल सिंफनी" 1987 ची. बेकरचा जन्म 1969 चा, म्हणजे हिशेब तुम्हीच करा. दोन गिटारी एकमेकींना धरून पळतात, मधेच एक वरच्या स्वरावर जाते, दुसरी खाली राहते, आणि एकही पाऊल चुकत नाही.

पहिलं गाणं संपलं. दुसरं सुरू व्हायच्या आधीच्या क्षणभर शांततेत कोपऱ्यातून झंकार ऐकू आला. कोणी छेडलं नव्हतं. स्पीकरच्या आवाजाने उघडा तंबोरा आपणहून बोलायला लागला होता. तुम्ही उठलात. मला वाटलं, संपलं. मास्तरांच्या तंबोऱ्याला धक्का पोचला, आता गुंडाळा. भाच्याचा हात आवाज कमी करायला गेलासुद्धा. तुम्ही त्याच्याकडे बघून नुसती मान हलवलीत, राहू दे म्हणून. कोपऱ्यात गेलात आणि तंबोऱ्याच्या चारी तारांवर तळवा सपाट ठेवलात. दुसरं गाणं वाजायला लागलं. तुम्ही तसेच उभे. गाणं संपेपर्यंत. पाय दुखतात म्हणून तुम्ही हल्ली देवळातल्या भजनालाही खुर्ची मागता, हे बहिणीने सांगितलं होतं. गाणं संपल्यावर खांद्यावरचं उपरणं काढलंत, तारांमधून ओवून घट्ट बसवलंत, आणि मग येऊन बसलात. "हां, लाव पुढचं."

मास्तर, मी त्या उपरण्यावरच अडकून पडलो आहे. तुमच्या घरात तुमचा तंबोरा वाजला तर त्यात वावगं काय? कोणीही म्हणाला असता की तुमच्या आवाजाने माझं वाद्य खराब होतंय. आमच्या ऐकण्यात तुमचा षड्ज घुसू नये, याची काळजी तुम्हाला वाटली. आजपर्यंत भेटलेल्या प्रत्येकाने आमचा आवाज बंद करायला सांगितलं होतं. तुम्ही आपला बंद केलात. आणि त्यावर एक शब्द बोलला नाहीत. मडगावच्या त्या मुलीला सुरुवातीला कळलंच नाही काय चाललंय ते. कळलं तेव्हा ती उठून पाणी प्यायला आत गेली आणि बराच वेळ आली नाही.

नंतरचं तर काय सांगू? बिनगाण्याचा तो लांबलचक तुकडा, नऊ-दहा मिनिटांचा, लागला तेव्हा तुम्ही हात वर केलात. "मागे घे. ते मघाचं परत." परत लावलं. तुम्ही पेटी ओढलीत, सा शोधलात, आणि हळूच चढत गेलात. कोमल गंधार, कोमल धैवत, निषाद शुद्ध. "कीरवाणी आहे रे ही." पोरं या रागाच्या स्वरांना हार्मोनिक मायनर म्हणतात, तेच ते. मडगावच्या मुलीला तुम्ही गिटार घ्यायला लावलीत. तुम्ही सरगम म्हणायची, तिने वाजवायची. आम्ही सगळे वयं विसरून माना डोलावत होतो. बेकरच्या तानांवर तुम्ही एवढंच म्हणालात, "एवढ्या लयीत दाणा सुटा आहे." म्हणजे स्वरन् स्वर वेगळा. अशी दाद माझ्या बहिणीला उभ्या जन्मात मिळाली नाही, ती जरा रुसली आहे. आणि लाडही केले नाहीत तुम्ही. गाणारा ओरडतो, म्हणालात. खरं आहे. या बँडचे कट्टर चाहतेसुद्धा खासगीत तेच म्हणतात. ड्रमवाल्याला जरा श्वास घ्यायला सांगा, हेही म्हणालात. तेवढं मात्र मान्य नाही, क्षमा असावी.

मग तुम्ही तो प्रश्न विचारलात. "आता कुठे वाजवतो हा पोरगा?"

भाच्याने सांगितलं. 1988 साली बँडची दुसरी रेकॉर्ड आली, त्याच वर्षी बेकरची स्वतःची "पर्पेच्युअल बर्न" आली. फारशी कोणी घेतली नाहीत. 1989 मध्ये बँड मोडला. फ्रीडमन मेगाडेथमध्ये गेला. बेकरला विसाव्या वर्षी डेव्हिड ली रॉथ या नावाजलेल्या रॉक गायकाने आपल्या बँडमध्ये घेतलं, म्हणजे नशीब उघडलं म्हणायचं. आणि तेव्हाच पायात अशक्तपणा आला. निदान झालं एएलएसचं. स्नायूंचा ताबा सुटत जाणारा रोग. डॉक्टरांनी मोजकी वर्षं दिली. बोटांतला जोर कमी होत असताना, हलक्या तारा लावून त्याने रॉथची रेकॉर्ड पुरी केली. दौऱ्यावर जाता आलं नाही. मग गिटार गेली, चालणं गेलं, बोलणं गेलं. वडिलांनी अक्षरांची एक पद्धत बसवली, डोळे कुठल्या दिशेला हलले त्यावरून अक्षर ओळखायचं. त्या डोळ्यांनी तो स्वर सांगतो, आणि 2018 साली त्याची नवी रेकॉर्ड आली.

तुम्ही बराच वेळ पेटीच्या भात्यावर बोटं ठेवून बसलात. मग म्हणालात, "माझ्या गुरूंचं एकही ध्वनिमुद्रण नाही. माझ्यामागे त्यांचा आवाज कोणाला ठाऊक असणार? याचं आहे ना? मग ऐका." आणि जेवायची वेळ टळून गेली तरी पुढचं लावायला लावलंत. बेकरचा "एअर" नावाचा तो तुकडा, ड्रम नाहीत, गिटारीच्या ओळी एकमेकींशी बोलतात, तो तुम्ही दोनदा ऐकलात. काकूंनी भात परत गरम केला, त्यांचेही आभार. रागावल्या असतील तर त्यांनी दाखवलं नाही.

आपण गोवेकर केसरबाईंचं नाव किती अभिमानाने घेतो. फोंड्याजवळच्या केरीची बाई, आणि 1977 साली तिची भैरवी व्हॉयेजर यानातून पृथ्वीच्या बाहेर गेली. कोण कुठला परग्रहावरचा श्रोता ती ऐकेल आणि त्याला भावेल, यावर आपला विश्वास आहे. पण शेजारच्या गल्लीतला पोरगा जे ऐकतो ते पाच मिनिटं ऐकून घ्यायचं म्हटलं की आपल्या कपाळाला आठ्या. मी स्वतःला यातून वगळत नाही, भाच्याचं रॅप मी अजून ऐकलेलं नाही. संगीत कळायला वर्षं लागतात. दुसऱ्याला काय आवडतं ते शांतपणे ऐकून घ्यायला तेवढी लागत नसावीत, पण ज्यांच्याकडे सगळं संगीत शिकून झालेलं असतं त्यांच्याकडेच नेमकं हे कमी का पडतं, हे त्या क्लासच्या सरांना विचारायला हवं. तुम्हाला मेटल आवडलं, असं मी म्हणणार नाही. तुम्हीही म्हणाला नाहीत. आवडायची अट तुम्ही घातली नाहीत, आणि आम्हालाही घालू दिली नाहीत.

आता कामाचं. भाच्याला तुमच्याकडे कीरवाणी शिकायची आहे, गिटारीवर. मी त्याला सांगितलं की आधी पेटीवर अलंकार घोटून घेतील, वर्षभर गिटारीला हात लावू देणार नाहीत. तो म्हणाला, चालेल. हे त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकतो आहे, तेव्हा लोखंड तापलंय तोवर घाव घाला. मंगळवारच्या क्लासला पाठवतो. केस खांद्यापर्यंत आहेत आणि काळा शर्ट सोडून दुसरा घालत नाही, पण सूर बरा आहे. फी किती ते त्याला सांगू नका, मला सांगा.

आपला,
वेर्ण्याचा, तुमच्या जुन्या शिष्येचा भाऊ