जेरी ब्राऊन: साधेपणापलीकडची कारकीर्द

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अमेरिकेत दीर्घकाळ पदावर राहिलेल्या गव्हर्नरांविषयी आपल्या रविवार पुरवणीत आलेला लेख वाचला. त्यात कॅलिफोर्नियाच्या जेरी ब्राऊन यांच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला असून तोही त्यांच्या साध्या राहणीवरच खर्ची पडला आहे. त्यांनी सरकारी निवासस्थान नाकारले, भाड्याच्या घरात राहिले आणि सरकारी ताफ्यातली साधी प्लिमथ गाडी वापरली, हे सारे खरेच आहे. परंतु चार वेळा निवडून येऊन एकूण १६ वर्षे, म्हणजे त्या राज्याच्या इतिहासात सर्वाधिक काळ, कारभार सांभाळलेल्या माणसाची ओळख तेवढ्यावर थांबू नये, असे ओकलंडचा रहिवासी म्हणून मला मनापासून वाटते.

ब्राऊन १९७५ मध्ये वयाच्या ३६ व्या वर्षी गव्हर्नर झाले आणि १९८३ मध्ये पायउतार झाले. १९८२ मधील सिनेटच्या निवडणुकीतला पराभव, पुढे जपानमधील झेन साधना, कोलकात्यात मदर तेरेसा यांच्या संस्थेतील सेवा, अध्यक्षपदाच्या उमेदवारीसाठी १९९२ मध्ये केलेला तिसरा प्रयत्न, आठ वर्षे ओकलंडचे महापौरपद आणि चार वर्षे राज्याचे महाधिवक्तापद एवढा प्रवास करून ते २०११ मध्ये, वयाच्या ७२ व्या वर्षी, पुन्हा त्याच पदावर आले. गव्हर्नरला दोनच मुदती देणारी मर्यादा १९९० मध्ये लागू झाली होती, पण ती त्यांच्या आधीच्या मुदतींना लागू नव्हती, म्हणूनच हे घडू शकले. या २८ वर्षांच्या खंडामुळे त्यांच्यावर अशी जबाबदारी आली, जी सत्ताधाऱ्यांवर क्वचितच येते: आपणच सही केलेल्या कायद्यांचे पुरते वाढलेले परिणाम निस्तरण्याची.

याचे सर्वांत ठळक उदाहरण तुरुंगांचे आहे. १९७६ पूर्वी कॅलिफोर्नियात न्यायाधीश मोघम मुदतीची शिक्षा देत आणि कैदी केव्हा सुटणार हे पॅरोल मंडळ ठरवी. मंडळ हा अधिकार मनमानीने वापरते, आणि त्याचा फटका कृष्णवर्णीय कैद्यांना अधिक बसतो, अशी तक्रार असल्याने निश्चित मुदतीच्या शिक्षेच्या नव्या कायद्याला सुधारणावाद्यांचाही पाठिंबा मिळाला आणि ब्राऊन यांनी त्यावर सही केली. मात्र मुदत ठरविणे एकदा विधिमंडळाच्या हाती गेल्यावर ती वाढतच राहिली. तिसऱ्यांदा गुन्हा करणाऱ्याला अतिदीर्घ शिक्षा देणाऱ्या १९९४ च्या ‘थ्री स्ट्राइक्स’ कायद्याने त्यावर कडी केली आणि सत्तरच्या दशकात २० हजारांच्या आसपास असलेली कैद्यांची संख्या २००६ पर्यंत १ लाख ७० हजारांच्या पुढे गेली. गर्दीमुळे झालेली तुरुंगांतील आरोग्यसेवेची दुरवस्था राज्यघटनेचा भंग करणारी आहे, असे सांगून सर्वोच्च न्यायालयाने ‘ब्राऊन विरुद्ध प्लाटा’ खटल्यात २०११ मध्ये कैद्यांची संख्या मूळ क्षमतेच्या १३७.५ टक्क्यांपर्यंत खाली आणण्याचा आदेश कायम केला. त्यानंतरही ब्राऊन यांचे सरकार काही काळ न्यायालयाशी झगडत राहिले, हे मला कधीच पटले नाही. परंतु २०१६ मध्ये त्यांनी स्वतः पुढाकार घेऊन ‘प्रपोझिशन ५७’ (थेट मतदानाने मंजूर व्हायचा कायद्याचा प्रस्ताव) मतदारांपुढे ठेवले. आपल्या १९७६ च्या कायद्याचे परिणाम आपल्याला तेव्हा दिसले नव्हते, हे प्रचारात उघडपणे सांगितले आणि सुमारे ६४ टक्के मते मिळवून अहिंसक गुन्ह्यांतील कैद्यांना लवकर पॅरोलची वाट मोकळी करून दिली. चाळीस वर्षांपूर्वीच्या सहीचा हिशेब जनतेपुढे मांडायला मोठे धैर्य लागते.

मालमत्ता कराचा प्रश्न मात्र त्यांना इतका सुटला नाही. १९७८ च्या ‘प्रपोझिशन १३’ने घराचा कर खरेदीच्या वेळच्या किमतीच्या एक टक्क्यावर बांधला आणि ती किंमत वर्षाला दोन टक्क्यांहून जास्त वाढणार नाही असे ठरविले. त्यामुळे एकाच गल्लीतल्या सारख्याच दोन घरांचे कर कितीतरी पटींनी वेगळे असतात. आधी विरोध करणाऱ्या ब्राऊन यांनी मतदान होताच त्याची अंमलबजावणी एवढ्या जोमाने केली, की त्याच वर्षी ते पुन्हा निवडून आले. उत्पन्न आटलेल्या शाळांना आणि काउंटींना (जिल्ह्यांना) राज्याच्या शिलकीतून मदत करावी लागली, आणि पैशाबरोबर निर्णयही राज्याच्या राजधानीत, सॅक्रामेंटोला गेले. २०१३ मध्ये शाळांच्या निधीचे नवे सूत्र आणून त्यांनी हे निर्णय बऱ्याच अंशी स्थानिक मंडळांकडे परत दिले, तसेच गरीब आणि इंग्रजी शिकत असलेल्या मुलांच्या शाळांना अधिक पैसा मिळवून दिला. मूळ करकायद्याला मात्र त्यांनी हात लावला नाही, आणि त्याची झळ आज घर घेऊ पाहणाऱ्या तरुण कुटुंबांना बसते.

शेतमजुरांना संघटित होऊन मालकाशी वाटाघाटी करण्याचा हक्क देणारा १९७५ चा कायदा आणि त्यांना जादा कामाचा मोबदला देणारा २०१६ चा कायदा, दोन्हींवर त्यांचीच सही आहे. २०११ मध्ये सुमारे २७ अब्ज डॉलरची तूट समोर असताना त्यांनी स्वपक्षाच्या विधिमंडळाने पाठविलेला संपूर्ण अर्थसंकल्प नाकारला, जे त्या राज्यात पूर्वी कधीच घडले नव्हते. पुढच्याच वर्षी त्यांनी तात्पुरत्या करवाढीला थेट मतदारांची मंजुरी घेतली आणि २०१९ च्या जानेवारीत पद सोडताना सुमारे १४ अब्ज डॉलरचा राखीव निधी मागे ठेवला.

या विषयावर आपण पुन्हा लेख छापणार असाल, तर त्यात तुरुंग आणि शाळा या दोन प्रश्नांवरील ब्राऊन यांच्या कामाची सविस्तर दखल घेतली जावी, अशी नम्र विनंती आहे.

आपला,
एक वाचक
ओकलंड, कॅलिफोर्निया