पिल्लूचा डावा हात अडवू नका

फ्लोरिडा
६ जुलै २०२५, आषाढी एकादशी

ती. आई, बाबा आणि आजी, साष्टांग नमस्कार. दादा-वहिनींना नमस्कार, पिल्लूला खूप खूप पापे.

आज उपास केला. टाम्पाच्या दुकानातून साबुदाणा आणला होता, कूट घरीच केलं. म्हणून आई, तुम्हा सगळ्यांच्या काळज्यांना पहिलं उत्तर हे की मी दोन्ही वेळा नीट जेवते. परवा फोनवर तोंड उतरलेलं दिसलं ते आमच्या टीमची बेसबॉलची मॅच संपवून रात्री साडेअकराला घरी आले होते म्हणून.

दुसरं, वादळ. स्टेडियमचं छत उडालेला व्हिडिओ मामानं पुन्हा ग्रुपवर टाकलाय. तो गेल्या ऑक्टोबरचा, मिल्टन वादळातला, सेंट पीटर्सबर्गचा आहे. आमचं मैदान तिथं नाही. शिवाय इथं वादळाची चार-पाच दिवस आधी सूचना मिळते. आपल्याकडे गारपीट बाग झोडपून जाते तेव्हा आदल्या रात्रीही पत्ता नसतो. त्या मानानं मी पुष्कळ सुखरूप आहे.

आणि तिसरं आत्याचं, "पोरांच्या टीममध्ये एकटी पोरगी". आत्याला सांगा, मिरजेला फिजिओथेरपी शिकत होते तेव्हाही दिवसभर लोकांचे खांदे आणि कोपरंच बघत होते, आताही तेच करते. आमच्याच लीगमध्ये, टाम्पाच्या टीमची २०२२ साली मॅनेजर एक बाई होती, रेचल बाल्कोवेक. तिच्या हाताखाली सगळी टीम खेळली. इथं मला कुणी वाकडं बोललेलं नाही. खरंच नाही.

बाबा, तुम्हाला एक गोष्ट सांगायची कधीची राहिलीय, कारण तुमचा विश्वास बसणार नाही. इथं मॅचच्या आधी नव्याकोऱ्या बॉलना चिखल लावतात. आपण बॉल पँटला घासून घासून चमक राखतो, आणि हे लोक मुद्दाम चमक घालवतात! नवा बॉल गुळगुळीत असतो, बोटांतून निसटतो, आणि इथं बॉल टप्पा न पडता सरळ फलंदाजाकडे जातो, म्हणजे निसटला की डोक्यावरच. म्हणून चिखल. तोही कुठलाही चालत नाही. न्यू जर्सीत डेलावेअर नदीला मिळणाऱ्या एका ओढ्याकाठचाच लागतो, आणि नेमकी जागा ते कुणाला सांगत नाहीत. लीना ब्लॅकबर्न नावाच्या एका कोचनं १९३८ साली तो शोधला, तेव्हापासून डब्यांत भरून सगळीकडे जातो. लोण्यासारखा मऊ असतो. बोटाच्या टोकावर घ्यायचा, थोडं पाणी लावायचं, तळहातावर बॉल फिरवत राहायचं. बॉल काळा व्हायला नको, फक्त पांढरेपणा जरा मरायला हवा. एका मॅचला कित्येक डझन बॉल असे चोळतात. आणि इतकं करून बॉल एकदा मातीत आपटला की बहुतेक वेळा तो बाजूला टाकून दुसरा घेतात! प्रेक्षकांत गेलेला बॉल तर कुणी परत मागतच नाही. आपण एका बॉलसाठी गटारात हात घालायचो, ते आठवून पहिले काही दिवस माझा जीव तुटायचा.

तर आता त्या पोराबद्दल, कारण आजी प्रत्येक फोनवर विचारते, "तुझा तो डावरा कसा आहे?"

बरा आहे. वीस वर्षांचा आहे, डॉमिनिकन रिपब्लिकचा. सोळाव्या वर्षी क्लबनं करार करून आणला. डाव्या हातानं ताशी दीडशे किलोमीटरनं बॉल फेकतो, पण तो कुठं जाईल ते त्यालाही नक्की माहीत नसतं. चार बॉल बाहेर गेले की फलंदाज न मारताच चालत पहिल्या बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या पहिल्या खुणेवर जातो, आणि याच्या बॉलिंगवर लोक बरेच चालतात. तरी कुणी त्याला ओरडत नाही. आमची पातळी सिंगल-ए, खालची. वर हाय-ए, डबल-ए, ट्रिपल-ए, आणि मग मोठी लीग. तिथवर पोचायला याला अजून तीन वर्षं लागतील की पाच, ते कुणी सांगू शकत नाही. पोचेलच असंही नाही.

बाबा, तुम्हाला हे लगेच कळेल. द्राक्षाचा खुंट लावला की पहिला घड धरेपर्यंत जवळजवळ दोन वर्षं तुम्ही नुसते ओलांडे तयार करता. आधी माल धरला तर वेल खचते. इथं तेच चालतं. आठवड्यातून एकदाच त्याला मॅचमध्ये उतरवतात, आणि पंचाहत्तर बॉल झाले की चांगला चालला असला तरी काढून घेतात. मधल्या दिवसांत एक दिवस नुसतं चालणं आणि माझ्याकडून खांदा मोकळा करून घेणं, मग लांब अंतरावरून फेकणं, मग एक दिवस कोचसमोर पंचवीस-तीस बॉल. कॅमेरा बॉलचे फेरे मोजतो. या वर्षी त्याला एकच नवी गोष्ट शिकवतायत, चेंजअप. हात तितक्याच जोरात येतो पण बॉल हळू निघतो. उजव्या हाताच्या फलंदाजापुढे डावऱ्याला हेच हत्यार लागतं. वर्षभरात एक बॉल शिकायचा, बस्स. मला ही पद्धत फार आवडते.

कोच त्याला रँडी जॉन्सनचं सांगतात. तोही डावरा बॉलर, सहा फूट दहा इंच उंच. १९९० ते ९२ सलग तीन वर्षं त्याच्या लीगमध्ये सर्वांत जास्त फलंदाज त्यानंच चालत सोडले. मग नोलन रायन हा नावाजलेला बॉलर आणि टॉम हाऊस हा कोच, या दोघांनी त्याचं पाऊल कसं पडतं ते बघून दिलं. टाचेवर पडत होतं, ते चवड्यावर आणलं. पुढे तो ३०३ मॅच जिंकला. दादा, याच टॉम हाऊसनं २००८ साली आपल्या उत्तर प्रदेशातल्या रिंकू सिंगला शिकवलं. भालाफेक करणारा, डावखुरा. पिट्सबर्गच्या क्लबनं त्याला घेतलं, २००९ मध्ये इथल्या व्यावसायिक बेसबॉलमध्ये मॅच जिंकणारा तो पहिला भारतीय झाला. पुढे कोपरानं दगा दिला. तू कुस्तीत बघायचास तो वीर महान, तो हाच.

कोपराचंच सांगते. मे महिन्यात या पोराच्या कोपरात आतल्या बाजूला दुखायला लागलं आणि तो ते कुणाला बोलला नाही. मालिश करताना हात झटकन मागे ओढला, तेव्हा मला कळलं. त्यानं हात जोडले, सांगू नकोस म्हणाला. त्याचा पगार घरी जातो, आई घर बांधतेय. आमच्या पातळीवरचा किमान पगार वर्षाला ११,००० डॉलर होता, २०२३ च्या करारात तो २६,२०० झाला. त्यातूनच तो पाठवतो. मी डॉक्टरांना सांगितलं. तीन आठवडे त्याला बसवलं, आणि तीन आठवडे तो माझ्याशी बोलला नाही. आत लिगामेंट, म्हणजे हाडं बांधून ठेवणारा पट्टा, शाबूत निघालं. फाटलं असतं तर टॉमी जॉन ऑपरेशन, म्हणजे मनगटाकडची एक कंडरा काढून कोपरात भरायची. कलमच म्हणा ना, आणि कलम धरायला वर्ष-दीड वर्ष. ज्याच्या नावानं ते ऑपरेशन आहे तो टॉमी जॉनही डावराच. १९७४ मध्ये झालं, १९७६ ला परत उतरला आणि सेहेचाळिसाव्या वर्षापर्यंत खेळला. ती कंडरा बघायची असेल तर अंगठा आणि करंगळी जुळवा, मनगट किंचित आत वळवा, मधोमध दोरीसारखी वर येते. काहींना नसतेच. पिल्लूला करून दाखवा.

बाबा, तुम्ही गुडघ्याचं मला तीन महिने सांगितलं नाहीत. दादानंही नाही. लांब गेलेल्या माणसाला दुखणं सांगायचं नसतं, हे तुम्ही सगळ्यांनी ठरवलंय का? मी इथं परक्याच्या मुलाचं कोपर रोज हातात घेऊन बसते आणि तुम्ही बागेत काठी टेकत फिरता. मला हे सोसत नाही. पुढच्या वेळी सांगा.

आता पिल्लूचं. शाळेत बाई त्याच्या डाव्या हातातली पेन्सिल काढून उजव्यात देतात, वहिनी म्हणाल्या. आणि गेल्या रविवारी फोन चालू असताना आजीनं त्याचा घास अडवला, ते मी पाहिलं. तेव्हा मी काही बोलले नाही, विषय बदलला. रात्री झोप लागली नाही. आजी, तू माझ्या डाव्या हाताला रुमाल बांधायचीस, मी पहिलीत होते. माझ्या मनात राग नाही. तुलाही तसंच शिकवलं होतं. पण सुईत दोरा ओवताना अजून माझा डावाच हात पुढे येतो, आणि मग मी थांबते. इथं बॉल फेकणाऱ्यांत चारातला एकजण डावरा असतो, आणि अशा हातासाठी लोक सातासमुद्रापार माणसं पाठवतात. पिल्लूनं बॉल टाकला नाही तरी चालेल. त्याला त्याच्या हातानं जेवू द्या, लिहू द्या. नैवेद्याचं ताट तेवढं उजव्या हातानं ठेवायला शिकव, ते तो शिकेल. दादा, शाळेत तू स्वतः जा, चिठ्ठी पाठवू नकोस.

पैसे काल पाठवलेत, एक लाख वीस हजार. सोसायटीचा हप्ता आणि औषधफवारणी सुटेल, उरतील ते गुडघ्याच्या तपासणीला. दादा, परत करायची भाषा नको. बागेत तू एकटा खपतोस, मी नुसती रक्कम टाकते, एवढं मला समजतं.

इस्लामपूरच्या स्थळाशी दोनदा बोलले. माणूस चांगला वाटला, घाई नव्हती त्याला. काम सोडशील का, असं त्यानं विचारलं, आणि मी सीझन संपल्यावर सांगते म्हणाले. आई, एक मात्र तुम्हाला विचारायच्या आधी केलंय. क्लबनं पुढचा सीझनही राहशील का विचारलं आणि मी हो म्हणाले. सप्टेंबरात मॅचेस संपल्या की लगेच शिबिर आहे, त्यामुळे गणपती नाही आणि दिवाळीही नाही. हे फोनवर सांगायला तोंड झालं नाही. रागावलीस तरी फोन घे.

ऑगस्टमध्ये इथली एक मैत्रीण पुण्याला येतेय, तिच्याबरोबर पिल्लूसाठी बॉल पाठवते. त्या पोरानं स्वतः दिलाय, चिखल लावलेला. धुऊ नका. आणि पिल्लूकडून माझ्यासाठी एक चित्र काढून घ्या, डाव्या हातानं. फोटो नको, पोस्टानं पाठवा.

तुमची,
धाकटी