मेरीमूरच्या नदीकाठी भेटलेल्या काकूंना

आदरणीय काकू,
सादर नमस्कार.

गेल्या ऑक्टोबरमधील एका शनिवारी, रेडमंडच्या मेरीमूर पार्कमध्ये कुत्र्यांना मोकळे सोडण्यासाठी राखलेल्या भागात "बंड्या, टाक ते! टाक म्हणतो ना!" असे ओरडत नदीकडे धावणारा जो माणूस तुम्ही पाहिलात, तो मी. तुमचे नाव विचारायचे त्या गडबडीत राहून गेले. म्हणून हे पत्र असे सर्वांसमक्ष लिहीत आहे. सिएटल परिसरातील मराठी मंडळींपैकी कोणीतरी ते तुमच्यापर्यंत पोहोचवील, अशी आशा आहे.

आम्ही त्या दिवशी तेथे पहिल्यांदाच आलो होतो. पुण्यात सोसायटीभोवती दोन फेऱ्या, त्याही वॉचमनच्या नजरेखाली, एवढीच बंड्याची भटकंती; त्याला एकदम ४० एकरांचे रान मिळाले. मी मात्र आत शिरल्यावरही पट्टा मनगटाला गुंडाळून घट्ट धरला होता आणि समोरून मोकळे कुत्रे आले की बंड्या गुरगुरत होता. आमचे मराठी ऐकून तुम्ही थांबलात आणि म्हणालात, "आधी पट्टा काढा. बांधलेल्याला पळता येत नाही, म्हणून तो अंगावर जातो." पट्टा काढला आणि पाच मिनिटांत तो एका थोराड लॅब्राडॉरच्या मागे चिखलात लोळत होता. तो लॅब्राडॉर तुमचाच होता, हे मला नंतर कळले.

पुढचा प्रसंग सॅमॅमिश नदीच्या काठावरचा. समुद्रातून उलट चढून आलेले सॅमन मासे शरद ऋतूत अंडी घालून मरतात आणि त्यांपैकी काही वाहत काठाला लागतात. बंड्याने तसाच एक अर्धा फस्त केला. खरे सांगायचे तर माझी आरडाओरड केवळ दुर्गंधीमुळे होती. आमच्या रत्नागिरीच्या घरी बांगड्याची कच्ची डोकी कुत्र्यालाच जात असत, त्यामुळे माशाने कुत्र्याला काही होते, हे माझ्या गावीही नव्हते. तुम्ही मात्र गंभीर झालात. येथील गोगलगाईंतून सॅमन आणि ट्राउट माशांत एक सूक्ष्म पर्णकृमी शिरतो, त्या कृमीत एक जिवाणू असतो, आणि कच्च्या माशावाटे तो कुत्र्याच्या पोटात गेला तर उपचारांअभावी बहुतेक कुत्री दगावतात, हे तुम्ही उभ्या उभ्या समजावून सांगितलेत. घाबरवले नाहीत. आजची तारीख लिहून ठेवा, आठवडाभर ताप, उलटी, जुलाब यांवर लक्ष ठेवा आणि डॉक्टरांकडे गेलात तर पहिले वाक्य 'याने कच्चा सॅमन खाल्ला आहे' हेच बोला, एवढेच बजावलेत.

सहाव्या दिवशी बंड्याने पोळीकडे पाहिलेही नाही. संध्याकाळपर्यंत अंग तापले, मानेखालच्या गाठी सुजल्या. एरवी मी 'बाहेरचे काही खाल्ले असेल' म्हणून दोन दिवस दहीभातावर काढले असते, आणि तेच दोन दिवस महागात पडले असते. दवाखान्यात तुम्ही सांगितलेले वाक्य बोललो. विष्ठेच्या तपासणीत त्या कृमीची अंडी दिसली आणि त्याच रात्री डॉक्सिसायक्लिन व कृमींवरचे प्राझिक्वांटेल सुरू झाले. सलाइनही लावावे लागले. तिसऱ्या दिवशी त्याने शेपूट हलवली, तेव्हा माझी पत्नी दवाखान्यातच रडली. (मीही, पण वाहनतळात.)

काकू, तुम्ही त्या दिवशी आपला फेरफटका अर्धवट सोडून एका अनोळखी माणसासाठी वीस मिनिटे थांबलात. तुमचे मनापासून आभार.

आम्ही अजूनही दर शनिवारी सकाळी मेरीमूरला येतो. मासे चढण्याच्या दिवसांत नदीकाठी बंड्याला मुसके बांधतो, त्याचा त्याला भयंकर राग आहे. मुसके बांधलेला, तांबूस रंगाचा, एक कान पडलेला कुत्रा दिसला तर कृपया मराठीत हाक मारावी. आईने रत्नागिरीहून पाठवलेली आंबापोळी तुमच्यासाठी गाडीत ठेवलेली असते.

आपला नम्र,
बंड्याचा मालक