‘उल्बांडुस’ म्हणजे उंटच

महोदय,

रविवारच्या पुरवणीतील शब्दांच्या प्रवासावरील लेखात गॉथिक या प्राचीन जर्मानिक भाषेतील ‘उल्बांडुस’चा अर्थ ‘हत्ती’ असा दिला आहे. तो ‘उंट’ असा हवा. बिशप वुल्फिलाच्या चौथ्या शतकातील गॉथिक बायबल-भाषांतरात सुईच्या नेढ्यातून उंट जाण्याच्या येशूच्या दृष्टांतातला प्राणी ‘उल्बांडुस’ आहे आणि बाप्तिस्मा करणाऱ्या योहानाचे वस्त्रही त्याच्याच केसांचे आहे. हत्तीच्या अंगावर वस्त्र विणण्याइतके केस नसतातच. हा शब्द हत्तीवाचक ग्रीक ‘एलेफास’शी जोडला जातो, हे खरे, पण दोन्ही प्राणी बहुधा ऐकूनच ठाऊक असलेल्या लोकांच्या तोंडी तो उंटाला चिकटला, आणि जुन्या इंग्रजीतील ‘ओल्फेंड’चा अर्थही उंटच आहे. व्युत्पत्तीवरून अर्थ ठरवण्याची ही चूक पुढील अंकात दुरुस्त व्हावी, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक, पुणे