आधी तिजोरी, मग रिव्हॉल्व्हर

मा. संपादक,
स. न. वि. वि.

घरफोडीच्या बातम्या वाढल्या की शस्त्रांच्या दुकानांत एकच विचारणा सुरू होते : 'घरात ठेवायला स्वस्तातलं काय मिळेल?' विचारणाऱ्याकडे बहुतेक वेळा परवानाही नसतो. म्हणून या विषयावर थोडे सविस्तर लिहीत आहे.

आधी पैशांचे. २२ सप्टेंबर २०२५ पासून रिव्हॉल्व्हर आणि पिस्तुलावरचा जीएसटी २८ वरून ४० टक्के झाला. मूळ किंमत एक लाख धरली तर पूर्वी १ लाख २८ हजार पडत, आता १ लाख ४० हजार पडतात. परदेशी हँडगनची सर्वसामान्यांसाठीची आयात १९८०च्या दशकापासून बंद आहे. त्यामुळे देशात फिरणाऱ्या जुन्या विलायती पिस्तुलांना जो भाव येतो तो नावाचा असतो, उपयोगाचा नव्हे. बजेट बेताचे असेल तर तिकडे फिरकूच नये. 'गावठी' स्वस्त मिळते म्हणणाऱ्याच्या नादी तर मुळीच लागू नये. विनापरवाना अग्निशस्त्र नुसते जवळ बाळगल्याबद्दल २०१९च्या दुरुस्तीनंतर किमान दोन आणि कमाल पाच वर्षे कैद आहे. शिवाय त्याची नळी कशाची केलेली आहे हे विकणाऱ्यालाही माहीत नसते.

९ मिमी, .३८, .४५५ हे बोअर (म्हणजे नळीच्या आतल्या व्यासाची मापे) सामान्य परवानाधारकाला बंद आहेत. देशी बनावटीत मुख्यतः उरतात .३२ आणि .२२. स्वस्त म्हणून .२२ घेणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. या काडतुसाचा पेटता मसाला मधल्या टोपीत नसून पुंगळीच्या (काडतुसाच्या पितळी कवचाच्या) कडेत असतो आणि तो सगळीकडे सारखा पसरलेला नसला की राउंड दगा देतो. सरावाला उत्तम, भरवशाला कमी.

.३२ मध्ये रिव्हॉल्व्हर की पिस्तूल, यावर माझे मत स्पष्ट आहे. घरासाठी रिव्हॉल्व्हर. वर्षातले ३६४ दिवस शस्त्र कुलुपात पडून असते आणि धरणारा हात रोजच्या सरावाचा नसतो. रिव्हॉल्व्हरमध्ये एखादे काडतूस फुटले नाही तर पुन्हा ट्रिगर दाबला की पुढचे समोर येते. पिस्तुलात त्यासाठी दोन्ही हातांनी स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढावी लागते. शिवाय .३२ पिस्तुलाच्या काडतुसाची कड किंचित बाहेर असते. मॅगझीन (मुठीत बसणारी काडतुसांची पेटी) भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्याच्या मागे गेली की दोन्ही एकमेकांत अडकतात आणि ती अडचण स्लाइड ओढूनही सुटत नाही. चेंबरमध्ये, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाच्या काडतुसाच्या घरात, राउंड आहे की नाही हेही पिस्तुलात बाहेरून पटकन कळत नाही. मॅगझीन काढले म्हणजे पिस्तूल रिकामे झाले, या समजुतीने अपघात होतात.

कानपूरच्या सरकारी कारखान्याचे .३२ रिव्हॉल्व्हर म्हणजे सहा राउंड, तीन इंची बॅरल, वजन साधारण ७०० ग्रॅम. जुनी रचना मधून मोडणारी आहे. अंगठ्याने खटका दाबला की बॅरल पुढे झुकते आणि सहाही पुंगळ्या एकदम वर येतात. ही क्रिया झटक्यात आणि पुरी करावी. भीत भीत अर्धवट उघडले की एखादी पुंगळी एक्स्ट्रॅक्टरच्या (पुंगळ्या वर ढकलणाऱ्या भागाच्या) चांदणीखाली सरकते आणि रिव्हॉल्व्हर ना उघडे ना बंद, असे लटकते. २०२३ मध्ये आलेल्या 'प्रबल' या रिव्हॉल्व्हरचे सिलिंडर (काडतुसांचे फिरते चक्र) बाजूला उघडते. नवशिक्याला ते सोपे जाते. २०१४चे 'निर्भीक' टायटॅनियमच्या मिश्रधातूचे, अर्ध्या किलोचे. पण पर्समध्ये वागवायचे नसेल तर हलकेपणासाठी जास्त पैसे का मोजावेत? शस्त्र जितके हलके तितका हाताला बसणारा झटका मोठा. घरात ठेवायच्या शस्त्राला दोनशे ग्रॅम वजन जास्त असले तर ते फायद्याचेच.

सेकंडहँड घेणे हा पैसे वाचवायचा खरा मार्ग आहे, मात्र तपासून. परवानाधारकाकडून थेट घेताना विकणाऱ्याला जिल्हादंडाधिकारी किंवा पोलिस ठाण्याला लेखी कळवून ४५ दिवस थांबावे लागते. दुकानदारामार्फत घेतलेले बरे. हातात घेतल्यावर पहिले काम म्हणजे उघडून सिलिंडरमधली काडतुसांची सहाही घरे रिकामी असल्याची खात्री. मग घोडा सावकाश चढवावा. तो पूर्ण मागे पोचेपर्यंत सिलिंडर घट्ट बसले पाहिजे. हे सहाही घरांवर करून पाहावे, कारण सिलिंडर फिरवणारा झिजलेला दाता बहुधा एखाद्याच घरावर चुकतो. घर आणि नळी एका रेषेत आली नाहीत तर गोळीचे शिसे कडेला तासले जाऊन बाजूने उडते. घोडा चढलेला असताना सिलिंडर बोटांनी हलवून पाहावे. अगदी बारीक हालचाल चालेल, खडखड चालणार नाही. मोडणाऱ्या रचनेत बिजागरी आणि वरचा खटका पाहावा, तिथली ढिलाई दुरुस्तीने फारशी जात नाही. नळीतून उजेडाकडे पाहिले आणि आत गोल सावलीसारखी कडी दिसली तर ती फुगलेली नळी आहे. किंमत कितीही पाडून दिली तरी परत करावे. शेवटी शस्त्रावरचा नंबर कागदावरच्या नंबराशी स्वतः ताडून घ्यावा.

काडतुसे मागताना 'पॉइंट बत्तीस द्या' एवढे पुरत नाही. रिव्हॉल्व्हरच्या काडतुसाची पुंगळी २३ मिमीची, पिस्तुलाच्या काडतुसाची १७ मिमीची, आणि दोघांनाही ७.६५ म्हणतात. पिस्तुलाचे आखूड काडतूस रिव्हॉल्व्हरच्या घरात सैलसर बसतेही, तिथेच घोटाळा होतो. ते कधीही झाडू नये. पुंगळीच्या बुडाशी 'केएफ' असा ठसा दिसतो तो आपल्या खडकीच्या दारूगोळा कारखान्याचा. काडतुसे चामड्याच्या पट्ट्यात किंवा होल्स्टरमध्ये साठवू नयेत. कातड्यातला ओलावा आणि क्षार पितळेवर हिरवा कळंक आणतात आणि कोकणात एका पावसाळ्यात हे घडते. शस्त्राला तेल पातळ हाताने लावावे. घरांमध्ये निथळलेले तेल काडतुसाच्या टोपीत शिरले की राउंड मरतो. सरावात ट्रिगर दाबल्यावर नेहमीच्या दणक्याऐवजी नुसता 'फुस्स' आवाज आला तर तिथेच थांबावे. गोळी नळीत अडकलेली असू शकते. पुढचा राउंड झाडला तर नळी फाटते.

खर्चाच्या हिशेबात लोक सर्वांत आधी तिजोरी वगळतात, आणि नेमके हेच चुकते. पत्र्याचे कपाट म्हणजे तिजोरी नव्हे. छोटी पोलादी पेटी विटांच्या किंवा काँक्रीटच्या भिंतीत मागून अँकर बोल्टने आवळलेली हवी, नाहीतर चोर पेटीसकट नेतो. काडतुसे वेगळ्या कुलुपात. बॅटरीवरचे डिजिटल कुलूप घेतल्यास बॅटरी ठरलेल्या तारखेला बदलावी आणि जादा किल्ली त्याच खोलीत ठेवू नये. उशीखाली किंवा देव्हाऱ्यामागे ठेवलेले शस्त्र आधी घरातल्या मुलांना सापडते, चोराला नंतर.

परवान्यासाठी वयाची २१ वर्षे पूर्ण हवीत. आयुक्तालयाच्या हद्दीत पोलिस आयुक्तांकडे, अन्यत्र जिल्हादंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करायचा. शस्त्र नियम २०१६ प्रमाणे शारीरिक-मानसिक आरोग्याचे प्रमाणपत्र आणि सुरक्षित हाताळणीचे प्रशिक्षण लागते. 'भीती वाटते' एवढे कारण टिकत नाही. धमकीची तक्रार, रोकड वाहून नेण्याचा व्यवसाय, वस्तीपासून दूर शेतातले घर, असे कागदोपत्री दाखवता आले पाहिजे. शेतावरच्या घराला तर मी आधी बारा बोअरच्या (छऱ्यांच्या लांब) बंदुकीचाच विचार करायला सांगेन. ती हँडगनपेक्षा स्वस्त पडते आणि नेम धरायला सोपी असते. परवाना आता पाच वर्षांचा असतो. नूतनीकरणाला दोन महिने आधीच लागावे. निवडणुकीच्या काळात छाननी समितीने सांगितले तर शस्त्र जमा करावे लागते, म्हणजे तेवढे दिवस घर शस्त्राविनाच.

आणि ते वापरायचे कधी? भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाची आहेत. मालमत्तेच्या बचावात जीव घेण्यापर्यंतचा अधिकार कलम ४१ मोजक्या प्रसंगांनाच देते. त्यांत जबरी चोरी, सूर्यास्त ते सूर्योदय या वेळातली घरफोडी, राहत्या घराला आग लावणे, आणि मृत्यूची किंवा गंभीर इजेची रास्त भीती निर्माण करणारी चोरी येते. कलम ३७ सांगते की गरजेपेक्षा जास्त इजा नको, आणि पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा अधिकारच नाही. कुंपणावरून उडी मारून पळणाऱ्याच्या पाठीत घातलेली गोळी यात कुठेही बसत नाही. म्हणून आवाज आला की आधी सगळ्यांनी एका खोलीत जाऊन आतून कडी लावणे, ११२ला फोन, दिवे लावून मोठ्याने ओरडणे. शस्त्र त्या खोलीच्या दाराकडे रोखून धरायचे, अंधारात घरभर शोध घेत फिरायचे नाही. अंधारातून येणारी व्यक्ती पाणी प्यायला उठलेला मुलगाही असू शकतो. आपल्या विटांच्या भिंतीवरून गोळी उसळते, प्लायचे दार आणि खिडकीची काच ती सहज पार करते. पलीकडे शेजाऱ्यांचे अंथरूण कुठे आहे, हे दिवसा उजेडी पाहून ठेवावे.

शेवटी प्रशासनाकडे एक मागणी. प्रशिक्षणाचे प्रमाणपत्र अनेक अर्जदारांना कागद जोडण्यापुरते वाटते. प्रत्येक आयुक्तालयाने आणि जिल्हाधिकारी कार्यालयाने मान्य प्रशिक्षण केंद्रे, त्यांचे शुल्क आणि तिथे प्रत्यक्ष किती राउंड झाडावे लागतील, हे शस्त्र परवाना शाखेच्या फलकावर मराठीत लावावे. आणि परवाना देण्यापूर्वी, चारित्र्य पडताळणीला येणाऱ्या अंमलदाराने अर्जदाराच्या घरातली तिजोरी भिंतीला बसवलेली आहे का, हे हात लावून पाहावे.

आपला,
एक शस्त्र प्रशिक्षक, पुणे