‘होय’ लिहिलं तर पुढे काय? संरक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. संरक्षणमंत्री,
भारत सरकार, नवी दिल्ली

विषय: सैन्यभरतीत जुन्या किरकोळ गुन्ह्यांबाबत व शिक्षेबाबत लेखी नियम जाहीर करणे

महोदय,

मी तालुक्याच्या कोर्टात फौजदारी वकिली करतो. माझ्या पक्षकारांत आर्मी भरतीची तयारी करणारी पोरं पुष्कळ असतात आणि त्यांचा प्रश्न ठरलेला असतो: “साहेब, केस आहे, भरतीला चालेल का?” खुनाच्या किंवा बलात्काराच्या आरोपीला याचं उत्तर मी एका शब्दात देईन. पण ती पोरं हा प्रश्न विचारतच नाहीत. विचारतात ते वेगळेच, आणि त्यांना ठामपणे सांगता येईल असं भरतीच्या जाहिरातीत मला काही सापडत नाही.

हे वेगळे कोण, ते सांगतो. भावकीत बांधावरून भांडण होतं. काठ्या निघतात, दोन्हीकडून फिर्यादी होतात. फिर्यादीत समोरच्या घरातल्या झाडून सगळ्या पुरुषांची नावं घालायची हा जुना रिवाज आहे. त्यातही भरतीसाठी पळणाऱ्या पोराचं नाव आवर्जून घालतात, कारण घाव कुठे बसतो हे भावकीइतकं कुणालाच ठाऊक नसतं. भारतीय दंड संहितेची कलमं पाठ झालेली आहेत: 324 (हत्याराने दुखापत), 323 (साधी मारहाण), 504 (चिथावणारी शिवीगाळ), 506 (धमकी), 34 (सगळ्यांचा समान इरादा). जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेत त्यांचे आकडे बदलले, भांडणं तीच राहिली.

मग केस चालते. 324 असलं की खालच्या कोर्टात आपसात मिटवता येत नाही, हायकोर्टात जावं लागतं. तेवढा पैसा कुणाकडे? म्हणून गाव आपला मार्ग काढतं. चावडीवर समेट होतो, साक्षीदार कोर्टात फितूर होतात आणि सगळे सुटतात. पोरगा पेढे वाटतो. त्याला कुणी सांगत नाही की 2021 मध्ये मेथू मेडा प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने संशयाचा फायदा मिळून झालेली सुटका आणि सन्मानाने झालेली सुटका यांत फरक केला आहे, आणि पहिल्या प्रकारच्या सुटकेवर नोकरी नाकारता येते. तो खटला खंडणीसाठी अपहरणाचा होता, बांधावरच्या भांडणाचा नव्हता. पण फितूर साक्षीदारांमुळे झालेली सुटका पडताळणीच्या टेबलावर दोन्हीकडे सारखीच दिसते.

याहून वाईट गत होते ती गुन्हा कबूल करणाऱ्यांची. गणपतीत मंडपामागे पत्ते खेळताना धाड पडते. जुगार कायद्याखाली केस होते. तारखेला आरोपींची रांग उभी राहते, कुणीतरी जाणता माणूस सांगतो, “कबूल कर, दंड भर, मोकळा हो.” कोर्ट उठेपर्यंतची कैद आणि काही शे रुपये दंड. पोरगा संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसून राहतो, पावतीची घडी करून खिशात घालतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा सोळाशे मीटर पळायला जातो. त्याच्या हिशेबी विषय संपलेला असतो. कायद्याच्या हिशेबी तो दोषसिद्ध गुन्हेगार झालेला असतो, आणि केंद्र सरकारच्या साक्षांकन नमुन्यात (नोकरीआधी उमेदवाराने स्वतःबद्दल भरून द्यायच्या फॉर्ममध्ये) विचारतात की तुम्हाला कधी अटक झाली का, खटला चालला का, न्यायालयाने दंड केला का, दोषी ठरवलं का. या चारही प्रश्नांना त्या पावतीने ‘होय’ असं उत्तर दिलेलं असतं.

फॉर्म कसे भरले जातात, हेही आपल्या कानावर घालतो. पोरगा नेट कॅफेत उभा असतो, मागे दहा जण ताटकळलेले. भरून देणारा माणूस नाव, जन्मतारीख, आधार विचारून घेतो. गुन्ह्याचे रकाने आले की न विचारता ‘नाही, नाही, नाही’ अशी टिचकी मारत खाली जातो. समजा, पोराने हात धरून थांबवलं, तर सल्ला तयार असतो: “अरे, ‘होय’ टाकलंस तर बाद. ‘नाही’ टाक, कोण बघतंय.” पण बघतात. पडताळणी होते, पोलीस ठाण्यातली नोंद निघते, आणि मूळ गुन्हा किरकोळ असला तरी खोटं उत्तर किरकोळ राहत नाही. सेना अधिनियम, 1950 च्या कलम 44 प्रमाणे भरतीवेळी जाणूनबुजून खोटं उत्तर दिल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. काही शे रुपयांच्या दंडासाठी एवढी जोखीम पोरं घेतात, याचं कारण उघड आहे. खरं बोलल्यावर काय होईल हे त्यांना कुणीच सांगितलेलं नाही. नेट कॅफेवाल्याने मात्र सांगितलेलं असतं.

सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर बरंच काम केलं आहे. 2016 च्या अवतार सिंग निकालात तीन न्यायमूर्तींनी निकष घालून दिले. माहिती खरी द्यायला हवी, पण तरुणपणी घोषणा दिल्याचा किंवा तसाच किरकोळ गुन्हा लपवला गेला असेल तर तेवढ्याकडे दुर्लक्ष करण्याचा अधिकार नियोक्त्याला आहे. उलट, उमेदवाराने सगळं खरं सांगितलं तरी त्याला घेतलंच पाहिजे अशी सक्ती नाही. 2022 मध्ये पवन कुमार प्रकरणात रेल्वे सुरक्षा दलाच्या शिपायाला न्यायालयाने दिलासा दिला, आणि त्याच वर्षी सतीश चंद्र यादव प्रकरणात गणवेशातल्या नोकरीला कसोटी अधिक कडक हवी असंही सांगितलं. मला दोन्ही निकाल पटतात. पण ते पोचतात कुणापर्यंत? ज्याला बाद केल्यावर दिल्लीपर्यंत लढता आलं त्याच्यापर्यंत. निकष निकालपत्रांत आहेत, जाहिरातीत नाहीत. माझी तक्रार एवढीच आहे.

अल्पवयीन मुलांच्या बाबतीत तर संदिग्धतेला जागाच नाही. बाल न्याय अधिनियम, 2015 च्या कलम 24 नुसार बालवयातल्या गुन्ह्यामुळे पुढे कसलीही अपात्रता चिकटत नाही. अपवाद फक्त सोळा वर्षांवरील मुलावर घृणास्पद गुन्ह्यासाठी प्रौढ म्हणून खटला चालला तर. कलम 74 पोलिसांना बजावतं की निकाली निघालेल्या प्रकरणाची नोंद चारित्र्य दाखल्यासाठीसुद्धा उघड करायची नाही. अग्निवीर भरती, म्हणजे अग्निपथ योजनेतली चार वर्षांची सैन्यभरती, साडेसतराव्या वर्षी सुरू होते, म्हणजे भरतीला उभ्या राहणाऱ्या बऱ्याच मुलांचं जे काही झालं असेल ते अठराच्या आतलंच असणार. तरीही त्यांना फॉर्ममध्ये तेच प्रश्न तसेच विचारले जातात. “बाल न्याय मंडळापुढील निकाली प्रकरण येथे सांगण्याची आवश्यकता नाही” हे एक वाक्य फॉर्मवर छापायला कुठली घटनादुरुस्ती लागते?

आता वयाचा मुद्दा, कारण खरी शिक्षा तिथे होते. अग्निपथ योजना जून 2022 मध्ये जाहीर झाली तेव्हा वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस होती, पहिल्या वर्षापुरती ती तेवीस केली गेली. हातात मोजकी वर्षं. आमच्या कोर्टात तारखा त्याहून जास्त काळ चालतात. पोरगा शेवटी सुटतो, पण तोवर वय गेलेलं असतं. शिक्षा न होता त्याची भरती संपते. ब्रिटनमध्ये 1974 पासून असा कायदा आहे की ठरावीक काळ स्वच्छ गेला की जुनी शिक्षा बहुतेक कामांसाठी संपल्यासारखी धरली जाते. अमेरिकेत गंभीर गुन्ह्यात दोषी ठरलेल्याला सैन्यबंदी आहे, पण योग्य प्रकरणी अपवाद करण्याची तरतूद त्याच कायद्यात आहे. आपल्याकडे असा सर्वसाधारण कायदा नाही. आणि तो उद्या आला, तरी पाच वर्षं थांब म्हणणारा नियम एकोणीस वर्षांच्या पोराला नकारच ठरेल. आपल्याला आपल्या वयोमर्यादेत बसणारा नियम करावा लागेल.

जून 2022 मध्ये योजनेविरुद्ध जाळपोळ झाली, तेव्हा लष्करी व्यवहार विभागाचे लेफ्टनंट जनरल अनिल पुरी यांनी सांगितलं होतं की प्रत्येक उमेदवाराला हिंसाचारात सहभाग नसल्याचं लिहून द्यावं लागेल आणि पोलीस पडताळणीशिवाय कुणालाही प्रवेश नाही. रेल्वे जाळणाऱ्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण गर्दीच्या फिर्यादीत नाव येणं आणि गर्दीत असणं या दोन गोष्टी आहेत, हे सांगायला वकील लागत नाही.

आक्षेप मला माहीत आहेत. सैनिकाच्या हाती शस्त्र असतं, शेजारच्या जवानाचा जीव त्याच्यावर अवलंबून असतो, सीमेवर चारित्र्याबाबत ढिलाई परवडत नाही. सगळं मान्य. लैंगिक गुन्हे, दरोडा, अमली पदार्थ, बेकायदा शस्त्र, देशविरोधी कृत्य यांना दार बंदच असावं, आणि तेही जाहिरातीत कलमांसह छापलेलं असावं. पण अग्निपथमध्ये सैन्य चार वर्षं माणूस पारखून मगच जास्तीत जास्त पंचवीस टक्क्यांना कायम करतं. पत्त्यांच्या डावात सापडलेल्या पोराचं चारित्र्य तपासायला याहून कडक चाळणी कोणत्या खात्याकडे आहे?

शिवाय सरकारनेच दिशा दाखवली आहे. नव्या न्याय संहितेत पाच हजार रुपयांखालच्या चोरीत पहिल्यांदाच दोषी ठरलेल्याने वस्तू किंवा तिची किंमत परत केली तर त्याला समाजसेवेची शिक्षा आहे, तुरुंग नाही. म्हणजे पहिली छोटी चूक तुरुंगात पाठवण्याजोगी नाही असं संसदेने ठरवलं. ही समाजसेवा पूर्ण केलेला पोरगा तुमच्या रकान्यात काय लिहील? ‘दोषी: होय’. आणि पुढे?

म्हणून माझी मागणी मोठी नाही. कोणत्या शिक्षेला कायमची बंदी, कोणत्या शिक्षेनंतर किती थांबायचं आणि कोणती शिक्षा विचारात घेतलीच जाणार नाही, हे भरतीच्या जाहिरातीतच मराठीसह सर्व भाषांत छापावं. ज्याने ‘होय’ लिहिलं त्याचं प्रकरण शारीरिक चाचणीच्या आधी सेना भरती कार्यालयातल्या एका ठरावीक अधिकाऱ्याने बघावं आणि नकार असेल तर कारणासह लेखी द्यावा. वर्षभर पळवून, मेडिकल करून, मेरिटला लावून मग बाद करू नये. आणि खटल्यातून सुटलेल्याची तारखांत गेलेली वर्षं वयोमर्यादेत सवलत म्हणून परत द्यावीत. शेवटची मागणी खात्याला सगळ्यात अवघड जाईल याची मला कल्पना आहे, पण आधीच्या दोन मागण्या मान्य करून ही सोडून दिली तर बांधावर नाव घातलेल्या पोराच्या हाती काहीच येणार नाही.

पोलीस ठाण्यातल्या नोंदी आणि चारित्र्य पडताळणी राज्याच्या गृह विभागाकडे येते. तेव्हा बाल न्याय कायद्यातल्या कलम 74 च्या अंमलबजावणीपुरती या पत्राची प्रत महाराष्ट्राच्या मा. गृहमंत्र्यांनाही पाठवत आहे. पुढच्या भरतीच्या जाहिरातीचा मसुदा तयार होण्याआधी आपल्या खात्याकडून उत्तर यावं, ही विनंती.

आपला विश्वासू,
तालुका न्यायालयातील एक वकील